दुर्बीण आणि शर्टाचं शेपूट

आयली कांगसच्या शर्टाचं शेपूट एकतीस वर्षं शाबूत होतं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीला लागून कांगसांचा शिकारीचा कॅम्प होता. कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक खोली, झोपायच्या चार फळ्या, चूल, आणि मागच्या बाजूला सौना, म्हणजे वाफेने शेकायची खोली. चुलीमागच्या भिंतीवर चिंध्या ठोकलेल्या होत्या. चौकडीच्या, खाकी, निळ्या, एक तर चक्क फुलाफुलांची. प्रत्येक चिंधी म्हणजे कुणाच्या तरी शर्टाचा मागचा घोळ. कायदा सोपा होता. हरणावर गोळी झाडली आणि हरीण शेपटीचा पांढरा रुमाल हलवत निघून गेलं, तर झाडणाऱ्याने कॅम्पवर परतल्यावर सगळ्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने कात्री चालवायची, खिळा ठोकायचा, खाली पेन्सिलीने नाव आणि साल लिहायचं. दाद ना फिर्याद.

सगळ्यांत जास्त शेपटं आयलीच्या धाकट्या दिराची, ताउनोची. अकरा. प्रत्येकाची कैफियत तयार. एकदा शिंक आली. एकदा सूर्य डोळ्यांत गेला. (त्या दलदलीत भर दुपारीही सूर्य शिरत नाही, पण ते जाऊ दे.) एकदा तर म्हणे हरणाने मुद्दाम वाकून गोळी चुकवली. नोव्हेंबर आला की ताउनो चर्चच्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून एखादा शर्ट उचलून आणी. कापला तरी हळहळ नको.

आयली मात्र दर वर्षी बापाचा शर्ट घालून येई. लाल, लोकरीचा, घोंगडीसारखा जाड. आणि मुद्दाम घालून येई. बघा, म्हणायचं तिला, मी माझी सगळ्यांत लाडकी वस्तू अंगावर घालून येते, कारण तिला कात्री लागणार नाही याची मला खात्री आहे. शर्टाच्या शेवटच्या चार बोटांचा लाल जरा वेगळा होता. तिथे आईने हातशिलाईने जोड दिला होता. "बाबांच्या कमरेला वारा लागायचा," आयली सांगे, "म्हणून आईने शर्ट लांब केला." बापाकडून तिला तीन गोष्टी मिळाल्या. हा शर्ट, खालच्या कड्याला झटका देऊन भरायची एक रायफल, आणि एक वाक्य: जे नीट दिसत नाही त्यावर बोट ठेवायचं नाही. हे वाक्य बापाने चापाबद्दल सांगितलं होतं. आयलीने ते सगळीकडे लावलं. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं काढली, पण कधी न चाखता मीठ वाढवलं नाही आणि कधी न बघता कुठल्या पोराला चोर म्हटलं नाही.

बाप इसाक नदीपलीकडच्या कॅम्पचा. तोही कधी चुकला नाही, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मुख्यतः आयली. तो कॅम्प पुढे भिंतीसकट जळून गेला, त्यामुळे पुरावा असा कुणाकडेच नव्हता.

तर अशी ही आयली. वय सहासष्ट. आणि गेल्या वर्षी ती खोटं बोलली होती.

झालं असं, की शिकारीच्या मोसमाच्या दुसऱ्या दिवशी चाळीस पावलांवर एक शिंगवाला नर येऊन उभा राहिला. छातीचा सगळा फळा तिच्याकडे करून. आयलीने रायफल गालाला लावली. हरीण स्वच्छ दिसत होतं, कानातले केससुद्धा. पण नळीच्या टोकावरची माशी, जी खाचेत बसवून नेम धरायचा, ती माशी कुठे होती? तिथे नुसता राखाडी गोळा होता. माशी दिसावी म्हणून डोळे बारीक केले तर हरीण धुक्यात गेलं. हरीण आणलं तर माशी गेली. तिने बोट चापावरून काढून घेतलं. नर आणखी मिनिटभर उभा राहिला, जणू तिची कीव करत, आणि चालता झाला.

संध्याकाळी नवरा तिला घ्यायला आला. आर्वो. दिवसाला दहा-बारा शब्दांवर भागवणारा माणूस.

"काय?" त्याने विचारलं.

"काही नाही दिसलं," आयली म्हणाली.

आर्वोने बर्फाकडे पाहिलं. तिच्या बसायच्या जागेपासून चाळीस पावलांवर ताजे खूर उमटले होते. नर उभा होता तिथे तर बर्फ चांगलंच तुडवलेलं होतं. आर्वोने खुरांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिची पिशवी खांद्याला लावून चालू लागला. चालता चालता त्याचे बूट त्या खुरांवरून असे काही गेले, की मागून येणाऱ्या ताउनोला तिथे फक्त आर्वोच्या बुटांचे ठसे दिसले.

त्यावर दोघं दहा महिने काही बोलली नाहीत. मग सप्टेंबरातल्या एका सकाळी, वेलचीचा पाव कॉफीत बुडवता बुडवता आर्वो म्हणाला, "बोप्रेच्या दुकानात जायचं का?"

आयलीने कप खाली ठेवला. "कशाला? आपल्याला काही घ्यायचंय?"

"दुर्बीण."

"अहो, बाबांच्या रायफलीवर दुर्बीण? त्यापेक्षा त्यांच्या थडग्यावर दिव्यांची माळ लावा!"

आर्वोने पाव खाल्ला. त्याचा त्या दिवसाचा कोटा संपत आला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच सांगून टाकलं होतं. लांबचं उत्तम आहे. जवळचं गेलं. चष्मा देते, पण एक काय ते ठरवा, हाताच्या अंतरावरचं दिसायला हवं की झाडाच्या अंतरावरचं. "माशी की हरीण, आयलीबाई? दोन्ही नाही मिळणार." दुर्बिणीत मात्र खूण आणि हरीण एकाच पडद्यावर येतं. हे आयलीला ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि गळी उतरणं वेगळं.

प्रश्न शर्टाचा नव्हताच खरं तर. शर्ट वाचवायचा तर उपाय सोपा होता: झाडायचीच नाही. गेल्या वर्षीसारखं. दर वर्षी दलदलीत जाऊन बसायचं, हरणं जाऊ द्यायची, आणि परत येऊन म्हणायचं, काही नाही दिसलं. भिंतीवर तिचं नाव कधीच लागलं नसतं. पण मग ती तिथे बसलेली बाई कोण, हे आयलीला सांगता आलं नसतं.

तेव्हा दुर्बीण ठरली. आणि ही बातमी आर्वोने कुणाला सांगणं शक्य नसतानाही ती दुसऱ्या दिवशी ताउनोपर्यंत पोचली.

"वहिनी!" ताउनो दारातूनच ओरडला. काखेत बाळंत्यात गुंडाळलेल्या पोरासारखं काहीतरी होतं. "दुकानात पैसे कशाला घालवता? घरचा माणूस मेलाय का? हे बघा, अग्निशमन दलाच्या सोडतीत लागलं मला."

त्याने फडकं उलगडलं. आत दुर्बीण होती. लांबीला हातभर, पुढचं तोंड नरसाळ्याएवढं, वर दोन बाजूंना दोन चक्रं.

"भावजी, ही रायफलीवर लावायची की रायफल हिच्यावर?"

"चौदा पट दिसतं यातून! चौदा! चंद्राचे खड्डे मोजले मी."

"चंद्राला शिंगं नसतात, भावजी."

"तेच तर! चंद्र दिसतो, तर हरीण का नाही दिसणार?"

हा तर्क ऐकून आयलीसारख्या बाईने हसायला हवं होतं. पण दिसेनासं झालेल्या माणसाला मोठं दिसण्याचा मोह पडतो. चौदा पट! माशीचा राखाडी गोळा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. "बरं," ती म्हणाली, "बघू तर खरं." ताउनोच्या भुवईवर एक पांढरी चंद्रकोर होती. मागे एकदा दुर्बिणीला डोळा फार जवळ नेला आणि बाराच्या धक्क्याने तिची कड कपाळात घुसली, त्याची ती निशाणी. त्या चंद्रकोरीकडे कुणी पाहिलं नाही.

बोप्रेचं दुकान म्हणजे पुढे आमिषं आणि किडे, मधे बूट, मागे बंदुका. लेरॉय बोप्रे चाळिशीचा, टक्कल पडलेला, पण आयलीसमोर आला की त्याचे खांदे आपोआप शाळकरी होत.

"आयलीताई, एक बोलू?"

"नको. सहा वर्षं बटाट्याचं सूप वाढलंय तुला मी. तेव्हाही तू बोलायचास, आणि सूप थंड व्हायचं. रायफलीला भोकं पाडावी लागतील का, तेवढं सांग."

बोप्रेने रायफलीच्या पाठीवर बोट फिरवलं. नखाने चार बारके स्क्रू दाखवले. वर्षानुवर्षांच्या तेलाने ते काळे पडून लोखंडात मिसळून गेले होते. "भोकं आहेत. पहिल्यापासून आहेत. कारखान्यानेच ठेवलीत, दुर्बिणीसाठी."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"वाट बघत होती तुमची."

"म्हातारं होण्याची वाट," आयली पुटपुटली. पण बापाच्या रायफलीला भोक पाडायचं पाप वाचलं, म्हणून तिला जरा हलकं वाटलं. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळीही या रायफलीची बाजूने उडे, वरून नाही, त्यामुळे वर बसवलेल्या दुर्बिणीवर ती आदळायचा प्रश्न नव्हता. बोप्रेने ताउनोचा तो भोपळा वर चढवला. पुढचं तोंड नळीला घासू नये म्हणून उंच कड्या लावाव्या लागल्या. रायफल आता पगडी घातलेल्या काडी पैलवानासारखी दिसत होती.

"मी काही बोललो नाही," बोप्रे म्हणाला.

"शहाणा आहेस," आयली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. आर्वोने पुठ्ठ्याचं एक हरीण कापलं होतं, ते त्याने दलदलीत झाडांमधे कुठेतरी उभं केलं, आणि तो परत येऊन बायकोच्या मागे उभा राहिला. रायफल रिकामी. ताउनो हातात घड्याळ धरून पंचाची भूमिका करत होता.

"तयार? वहिनी, हरीण आलं!"

आयलीने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. पुठ्ठा तीस पावलांवर, दोन सीडरांच्या मधे. रायफल उचलली. आत काळोख. मान लांब केली. काळोखात एक चतकोर उजेड. मान आणखी वर. चतकोराची भाकरी झाली, आणि भाकरीत फक्त साल. झाडाची. प्रचंड. सालीवरून एक मुंगी चालली होती, तिचे गुडघे दिसत होते.

"पाच सेकंद," ताउनो म्हणाला.

डावीकडे वळवली. शेवाळं. उजवीकडे. आणखी एक झाड, की तेच?

"बारा सेकंद. वहिनी, हरीण कंटाळलं."

"गप्प बसा हो! इथे सगळी झाडंच आहेत!"

"दलदल आहे वहिनी, झाडं असणारच."

"सापडलं! काहीतरी तपकिरी आहे... पण काय आहे? कान आहे की मांडी आहे?" तिला दिसत होतं ते पुठ्ठ्यावरचं अर्धं अक्षर होतं. आर्वोने पुठ्ठा बिस्किटांच्या खोक्यातून कापला होता.

"वीस सेकंद. हरीण घरी गेलं, जेवलं, झोपलं."

आयलीने रायफल खाली केली. हनुवटी दस्त्यावर टेकून दुखत होती, कारण एवढ्या उंच दुर्बिणीला डोळा लावायचा तर गाल लाकडावरून उचलावाच लागे. ती हसायला लागली, आणि मग तिचं हसू मधेच थांबलं. कारण तिला कळलं, की गेल्या वर्षी तिला काहीच दिसत नव्हतं, आणि आता सगळंच दिसतंय, आणि दोन्हीत हरीण नाही.

"अहो," ती न वळता म्हणाली.

"बोप्रे," आर्वो म्हणाला.

या वेळी ती ताउनोला न घेता गेली. भोपळा काउंटरवर ठेवला.

"बोल आता. सूप थंड झालं तरी चालेल."

लेरॉय बोप्रेने दुकानाचं मागचं दार उघडलं. मागे लगेच जंगल होतं, ओलं, दाट, आणि संध्याकाळ त्यात उतरायला लागली होती. "आयलीताई, तुमच्या दलदलीत सगळ्यांत लांबची गोळी केवढ्यावर मारलीत?"

"पन्नास पावलं. एकदा साठ."

"मग चौदा पट कशाला? पन्नास पावलांवरचं हरीण जवळ आणायची गरजच नाही. ते आहेच जवळ. तुम्हाला लांबचं जवळ नकोय, अंधारातलं उजेडात हवंय. आणि झटकन सापडायला हवंय. जितकं मोठं दाखवेल, तितकं थोडं दाखवेल." त्याने काउंटरखालून तीन छोट्या दुर्बिणी काढल्या. "डोळे मिटा. रायफल रोज उचलता तशी उचला. गाल लाकडाला टेकला की मग डोळे उघडा."

पहिली. डोळे उघडले तर आत चंद्रकोरीएवढाच उजेड. "नको. हिच्यासाठी मान काढावी लागते. भुवईवर ताउनोसारखं गोंदण नकोय मला."

दुसऱ्या दुर्बिणीला बोप्रेने उंच, पोकळ कड्या लावल्या होत्या. वरून दुर्बीण, खालून जुनी खाच-माशी, दोन्ही वापरता येतील अशा. आयलीच्या मनात हेच होतं. बाबांची माशीही राहील. तिने डोळे मिटले, उचलली, उघडले, आणि समोर दुर्बिणीचं पोट. गाल पुन्हा हवेत गेला. "दोन नवऱ्यांची बायको," ती म्हणाली, "एकाचीही नाही. काढ."

तिसरी वीतभर होती. पुढून मागून सारख्याच जाडीची, नळकांडं नुसतं, काही डामडौल नाही. एक पटीपासून चार पटीपर्यंत, आणि बोप्रेने चक्र एकावर ठेवून वर चिकटपट्टी मारली होती. कड्या इतक्या बुटक्या, की दुर्बीण रायफलीच्या पाठीवर पोरासारखी बिलगली होती. तिने डोळे मिटले. उचलली. उघडले.

अख्खं जंगल आत होतं. फर्नची पानं, पडलेलं झाड, कुंपणाची तार, तारेवर बसलेली खार. आणि या सगळ्यावर एक बारीक काळी फुली, स्वच्छ, जशी एकेकाळी माशी असायची. नुसत्या डोळ्यांना जे करडं झालं होतं, ते यात अजून हिरवं होतं.

 खार उठून गेली, तरी आयली बघतच होती.

"आयलीताई?"

"दुकान बंद करायचंय का तुला?"

"नाही, सावकाश बघा."

तिने पैसे मोजून दिले. बोप्रे ते गल्ल्यात टाकत म्हणाला, "एक लक्षात ठेवा. डोळा आता नळीच्या दीड इंच वर आहे. दुर्बिणीला समोर मोकळं दिसलं, म्हणजे नळीच्या समोरही मोकळं असेल असं नाही. अगदी जवळ काही आडवं असलं तर..."

"लेरॉय."

"हो, ताई."

"एकतीस वर्षं. एकही शेपूट नाही. मला शिकवतोस?"

"नाही, ताई," लेरॉय म्हणाला, आणि त्याचे खांदे पाचवीच्या वर्गात गेले.

खडीच्या जुन्या खाणीत तिने पन्नास पावलांवर कॉफीच्या डब्याचं झाकण टांगलं आणि तीन गोळ्यांनी त्याला एकच भोक पाडलं. जरा मोठं, तिपानी. ताउनोने ते भोक बोटाने चाचपलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"वहिनी, हे बरोबर नाही. आम्हाला आशा होती."

मोसमाच्या आदल्या संध्याकाळी सौना तापला, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या चुलीवर गरम झाल्या, आणि ताउनोने खुंटीवरच्या लाल शर्टाकडे हनुवटी उडवली. "एक प्रेमाचा सल्ला देऊ? नवी दुर्बीण, नवी सवय. यंदा हा घरी ठेवायचा होतात. माझ्याकडे जास्तीचा आहे, घ्या. बटणं दोनच आहेत, पण कापायला छान."

"भावजी, तुमच्या अकरा शेपटांची गोधडी शिवून देऊ का? थंडी वाजते तुम्हाला, म्हणून दात एवढे वाजतात."

"मोठ्या भावाला विचारा. दादा, सांग रे वहिनींना."

आर्वोने शर्टाकडे बराच वेळ पाहिलं. शेवटच्या चार बोटांकडे. मग म्हणाला, "तिचा शर्ट आहे."

पहाटे ती आपल्या जागी जाऊन बसली. लाल शर्ट, वर नारिंगी जाकीट, मांडीवर रायफल. समोर दोन हातांवर एक जुना सीडर आडवा पडला होता, शेवाळलेला, मांडीएवढा जाड. त्याच्या आड गुडघ्यावर बसलं की माणूस दिसत नाही. एकतीस वर्षं ती याच ओंडक्यामागे बसत आली होती.

उजाडलं ते उजाडल्यासारखं नाहीच. दलदलीत दिवस दुधात पाणी घातल्यासारखा येतो. साडेआठच्या सुमारास उजवीकडची एक सीडरची फांदी हलली आणि पुन्हा जागेवर आली नाही. मग एक पाय. मग नाकाचं ओलं काळं बोंड. मग शिंगं. तीस पावलांवर नर उभा राहिला.

आयलीने रायफल गालाला लावली, आणि तो आत होता. सगळाच्या सगळा. मान लांब करावी लागली नाही, मांडी की कान हा प्रश्न पडला नाही. श्वासाबरोबर हलणारी छाती, आणि तिच्यावर ती काळी फुली. किती वर्षांनी! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने स्वतःला दटावलं, रडायचं नंतर, आधी बघ. नीट दिसतंय का? दिसतंय. सगळं मोकळं आहे का? मोकळं आहे. बाबा, नीट दिसतंय हो.

तिने चाप ओढला.

पुढच्या क्षणी तिच्या तोंडावर लाकडाचा भुसा, साल आणि पावशेर शेवाळं येऊन बसलं. ती थुंकली. डोळे चोळले. समोरच्या ओंडक्याच्या माथ्यावर एक ताजी, पिवळी, बोटभर खोल खाच पडली होती. आणि त्यापलीकडे तीस पावलांवर नर अजून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, शेपटीचा पांढरा रुमाल काढला, आणि घाई न करता निघून गेला.

आयली खाचेकडे बघत राहिली. मग तिने रायफल पुन्हा गालाला लावली. दुर्बिणीत ओंडका नव्हताच. इतका जवळचा की वितळून नाहीसा झालेला. खाली वाकून नळीच्या रेषेत पाहिलं, तर नळी सरळ ओंडक्याच्या माथ्यात घुसत होती. दीड इंच.

"लेरॉय बोप्रे," ती दलदलीला म्हणाली, "तुझं सूप गार झालं होतं, पण तू खरं बोलत होतास."

तरीही ती उठून गेली, नर उभा होता तिथपासून सत्तर-ऐंशी पावलं खुरांमागे चालली, रक्ताचा थेंब आहे का ते बघत. नव्हता. एक केससुद्धा नव्हता. मग परत येऊन तिने खिशातल्या सुरीने खाचेभोवतीचं लाकूड कोरून काढलं, आणि ती ढलपी जाकिटात घातली. कॅम्पच्या वाटेवर तिला कैफियती सुचत होत्या. कोल्हा होता, त्याला हाकलला. रायफल तपासून पाहिली. कुणी पाहिलं नव्हतं. ताउनोच्या अकराही कैफियती तिला पाठ होत्या. गेल्या वर्षीचं "काही नाही दिसलं" तर तिचं स्वतःचंच होतं, तयार, वापरलेलं.

दुपारी तिघं चुलीपाशी जमली. ताउनो टेबलावर वाकला. "साडेआठला एक बार झाला. तुमच्या बाजूने. एकच. म्हणजे पडलं ना? ओढून आणायला चलायचं का?"

आयलीने ढलपी टेबलावर ठेवली. पिवळी खाच वर करून. मग जाकीट काढलं, शर्ट विजारीतून ओढून बाहेर काढला, आणि दोघांकडे पाठ केली.

ताउनोने ढलपीच्या खाचेत बोट घालून पाहिलं. 

"वहिनी," ताउनो हळूच म्हणाला, "नाही ना?"

"ओंडका. दोन हातांवरचा. लेरॉयने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि हो," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "गेल्या वर्षीही आला होता. मला माशी दिसली नाही. मी झाडली नाही आणि खोटं बोलले. त्याचं शेपूट लागतं का, ते तुम्हीच ठरवा."

"न झाडल्याचं लागत नाही," ताउनो म्हणाला. एवढ्या गंभीरपणे तो आयुष्यात प्रथमच बोलला असावा. मग कात्री घेऊन आला, शर्टाचं टोक धरलं, आणि थांबला. एकतीस वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती हातात आली आणि त्याला कात्री चालवता येईना. "वहिनी, बाबांचा आहे हो हा. मी आपली एखादी बाही..."

"कापा हो! गारठले मी."

ताउनोने शर्ट जरा उजेडाकडे ओढला. "इथून कापू का? इथे जोड आहे, शिवण सरळ आहे. पण वहिनी, ही जुनी कड... शिवणीच्या आतली. वेडीवाकडी आहे. अशी वेडीवाकडी कड मी ओळखतो. अकरा वेळा पाहिलीय."

आयलीने मान वळवली. "तो जोड आहे. बाबांच्या कमरेला..."

"तुझ्या बापाची कंबर," आर्वो चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाला, "कधी दुखली नाही."

दोघंही त्याच्याकडे वळली. आर्वोने कॉफीचा घोट घेतला. त्याच्या मानाने हे मोठं भाषण होणार होतं.

"सत्तावन सालचा नोव्हेंबर. नदीपलीकडचा कॅम्प. मी तेव्हा त्याच्या हाताखाली लाकडं तोडायचो. वीस पावलांवर चुकला. शेपूट कापलं. रात्रीत तुझ्या आईने जोड लावला. मला म्हणाला, पोरीला सांगू नकोस."

"अहो! एकोणचाळीस वर्षं?"

"कुणी विचारलं नाही," आर्वो म्हणाला.

आयलीने आधी आर्वोकडे पाहिलं, मग शर्टाच्या टोकाकडे. तिने कितीदा धुतला होता तो, कितीदा इस्त्री फिरवली होती त्या शिवणीवरून, आणि आत बोट घालून कधी पाहिलं नव्हतं. मग ती हसायला लागली. असं हसली, की तिला टेबल धरावं लागलं, आणि केसांत अडकलेलं शेवाळं पेस्टीवर पडलं.

"कापा भावजी. शिवणीवरच कापा. ती जागा सवयीची आहे."

कात्री चालली. जाड लोकरीतून ती करकरत गेली. ताउनोने चिंधी फुलाफुलांच्या शेजारी ठोकली, तिच्या बाजूला ढलपीलाही खिळा मारला, आणि पेन्सिल जिभेला लावून लिहिलं: आयली कांगस. जरा विचार केला. मग साल लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात: आणि इसाक.

"शिकार काय झाली म्हणून विचारलं तर?" त्याने विचारलं.

"ओंडका सांगा. बारा फुटी."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा आपल्या जागी गेली. ओंडक्यामागे नेहमीसारखी गुडघ्यावर बसली. मग उठली, पाय टाकून ओंडका ओलांडला, आणि त्याच्या पुढच्या बाजूला, त्यालाच पाठ टेकून बसली. रायफल उचलून पाहिली. डोळ्यासमोर मोकळं. वाकून नळीसमोरही पाहिलं. मोकळं.

उजेड अजून यायचा होता. दलदलीतून एक थंड झुळूक आली, आखूड झालेल्या शर्टाखालून शिरली आणि पाठीच्या कण्यापर्यंत चढली.

कमरेला वारा खरंच लागत होता. तिने जाकीट खाली ओढलं आणि समोर बघत राहिली.